झाशीचे मृत मोजायचे कसे? ‘माझा प्रवास’ पुरावा म्हणून वाचताना

सोर्स प्रायमरी की सेकंडरी, एवढं आपण पेट-नेटसाठी पाठ करतो. विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ हातात घेतलं की ही विभागणी डळमळते. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेला आणि मार्च १८५८ मध्ये ह्यू रोजनं झाशीला वेढा घातला तेव्हा शहरात अडकला. म्हणजे साक्षीदार पक्का. पण लिहिलं सुमारे पंचवीस वर्षांनी, आणि १९०७ मध्ये छापलं ते चिं. वि. वैद्यांनी संपादकीय हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. अभ्यासाला तीच घ्या.

३ एप्रिलला इंग्रज फौज शहरात शिरली. पुढच्या कत्तलीबद्दल त्या काळच्या इंग्रजी लिखाणात पाच हजार मृतांचा आकडा येतो. गोल आकडा दिसला की मी आधी विचारतो, मोजलं कुणी? त्यात लढणारे किती, साधे रहिवासी किती? शहराबाहेर पळताना मारलेले धरलेत का? हे न विचारताच तो आकडा पुस्तकातून पुस्तकात उतरत राहतो.

गोडसे बेरीज देत नाहीत, आणि माझ्या मते तीच त्यांची ताकद. लूट कोणत्या क्रमानं झाली ते कळतं: आधी सोनं-चांदी, मग भांडी, कापड, धान्य. पुरुषांना शोधून मारलं, लोक मिळेल त्या आडोशाला लपले, प्रेतं रस्त्यात पडून राहिली. गोळ्यांतून वाचलेल्यानं पुढं खायचं काय, हे त्या लुटीच्या क्रमातूनच समजतं. असे मृत्यू कुठल्याच लष्करी अहवालात येत नसतात.

आता दोष. पाहिलेलं आणि ऐकलेलं ते एकाच सुरात सांगतात. मी पेन्सिलनं समासात ‘पा’ आणि ‘ऐ’ लिहीत गेलो. वेढ्याच्या भागात ‘पा’ दाट आहेत, लढायांच्या वर्णनात ‘ऐ’ वाढतात. शिवाय नजर ब्राह्मण घरातली. कोष्ट्यांच्या किंवा मुसलमानांच्या घरांत काय झालं ते अंधुकच राहतं.

आणखी एक. या लढ्याला आपण सरसकट ‘इंग्रज विरुद्ध आपण’ म्हणतो. पण रोजच्या फौजेत मुंबई इलाख्याच्या देशी पलटणी होत्या, हैदराबाद कंटिंजंट होतं. त्याआधी जून १८५७ मध्ये याच झाशीत, जोखन बागेत, साठेक युरोपीय मारले गेले, बायका-मुलांसकट. एप्रिलमधला सूड त्यावरच उभा होता. मृतांचा तक्ता करणार असाल तर जोखन बागही त्यात आली पाहिजे, नाहीतर तो तक्ता नव्हे, वकिली.

पाचोऱ्यावरून जाणाऱ्या पंजाब मेलच्या वाटेवर आज ‘वीरांगना लक्ष्मीबाई झाशी’ असं स्टेशन लागतं. राणीचं नाव फलकावर आलं. गल्ल्यांत मेलेल्यांची नावं गोडशांकडंही फारशी नाहीत. कुणाला विषय हवा असेल तर वैद्यांची आणि पोतदारांची प्रत शेजारी ठेवून फक्त वेढ्याचं प्रकरण ओळ-ओळ ताडून पाहा. एम.ए.च्या प्रबंधिकेला तेवढं पुरेल.