अजिंठ्यातील मानवाकृती आणि साध्या रेषेचे सामर्थ्य

प्रस्तावना :
जळगाव-धुळ्याकडील चित्रकलेच्या विद्यार्थ्याला अजिंठा हे हाकेच्या अंतरावरील विद्यापीठच आहे. तरीही मानवाकृतीच्या अभ्यासात आपला भर छायाप्रकाशावर व घोटीवपणावर असतो. रेषा म्हणजे कच्चा आराखडा, असा समज रूढ आहे. अजिंठ्यातील तीन चित्रांच्या आधारे हा समज तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
अजिंठ्याचा चित्रकार प्रथम गेरूने आकृती रेखाटी, नंतर रंग भरी आणि अखेरीस गडद रेषेने ती पुन्हा बांधून घेई. म्हणजे रेषा आरंभीही आहे आणि शेवटीही. विष्णुधर्मोत्तर पुराणातील 'चित्रसूत्र' रंग व अलंकार यांचे चाहते सांगून आचार्य मात्र रेषेची प्रशंसा करतात, असे नोंदविते. जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात येथील चित्रांच्या प्रतिकृती करणाऱ्या जॉन ग्रिफिथ्स यांनाही उभ्या भिंतीवर एका ओघात ओढलेल्या लांब वळणांनी थक्क केले होते.

परंतु हातातील सफाई म्हणजे अभिव्यक्ती नव्हे. रेषा भाव व्यक्त करते ती आपली दिशा कोठे बदलते यावरून. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीची किंचित कललेली मान, खांद्याचा उतार आणि कमरेचे वळण ही एकच वाहती गती आहे. अर्धोन्मीलित पापणीपाशी ती स्थिरावते आणि करुणा प्रकट होते. सोळाव्या लेण्यातील 'मरणासन्न राजकन्या' (नंदाची पत्नी सुंदरी) या चित्रात हीच रेषा सैल पडते. झुकलेले मस्तक व निर्जीव बोटे दुःख सांगतात. अश्रू रंगविण्याची गरज उरत नाही. सतराव्या लेण्यात विशाल बुद्धासमोर उभ्या असलेल्या यशोधरा व राहुल यांच्या वर वळलेल्या चेहऱ्यांत अपेक्षा आहे, ती मुख्यतः हनुवटी व मानेच्या रेषेमुळे.

येथे एक आक्षेप संभवतो. अजिंठ्यात वर्तना, म्हणजे छटांनी दिलेला उठावही आहे; मग सारे श्रेय रेषेला कसे द्यावे? आक्षेप रास्त आहे. पद्मपाणीच्या नाकावरील उजळ छटा वगळून त्याचे सौंदर्य पूर्ण होत नाही. मात्र जेथे रंगाचे पापुद्रे गळाले आहेत, तेथे शरीराची गोलाई मंदावते, भाव मात्र टिकून राहतो. काळानेच घेतलेली ही परीक्षा रेषेच्या बाजूने निकाल देते.

निष्कर्ष :
साधी रेषा म्हणजे अपुरी रेषा नव्हे. अनावश्यक ते सारे नाकारून उरलेली रेषा होय. छायांकनातील चूक पुढच्या थराखाली झाकता येते, एकट्या रेषेला आडोसा नसतो. म्हणून मानवाकृतीच्या अध्यापनात रेषेला पूर्वतयारीचे नव्हे, तर स्वतंत्र अभिव्यक्तीचे स्थान मिळावे. त्यासाठी खानदेशातील विद्यार्थ्याने अजिंठ्याला सहलीसाठी नव्हे, वही घेऊन जावे.