स्वायत्त तंत्रिका तंत्र आणि दीर्घकालीन फुप्फुसविकारांचा धोका : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
१९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यानंतर भोसरी, चिंचवड व कालांतराने चाकण असा औद्योगिक पट्टा विस्तारत गेला. ओतकाम, वेल्डिंग व रंगकाम यांतील धूळ-धूर आणि रात्रपाळी ही तेथील कामगारजीवनाची नित्याची अंगे होत. धूम्रपान न करणाऱ्या कामगारासही सीओपीडी, म्हणजेच दीर्घकालीन श्वसनमार्गरोध, का जडावा, या प्रश्नास स्वायत्त तंत्रिका तंत्राच्या असमतोलाचे उत्तर दिले जाते. या उत्तराची मर्यादा तपासणे अगत्याचे आहे.

संबंधाचा शास्त्रीय आधार :
हा संबंध निराधार नाही. प्राणेशा अर्थात व्हेगस तंत्रिकेच्या टोकांतून रासायनिक द्रव्य स्रवते, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने दाखविले. ॲसिटिलकोलीन नावाने ओळखले जाणारे हे द्रव्य श्वासनलिकांचे स्नायू आकुंचित करते व कफाचा स्राव वाढविते. धोत्र्यातील ॲट्रोपीन ही क्रिया रोखते. इप्राट्रोपियम व टायोट्रोपियम ही आजची श्वसनौषधे त्याच तत्त्वावर आधारलेली आहेत. सीओपीडीच्या रुग्णास त्यांनी आराम पडतो, यावरून या विकारातील व्हेगसचा सहभाग स्पष्ट होतो. तथापि विकारात सहभाग असणे आणि विकाराचे मूळ कारण असणे या भिन्न गोष्टी आहेत.

मोजमापातील उणिवा :
स्वायत्त कार्याचे मापन बहुधा हृदयगतीतील चढउतारांवरून केले जाते. १९९६ मध्ये युरोप व उत्तर अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संयुक्त गटाने त्याचे मानदंड निश्चित केले. मात्र हे मापन हृदयाकडे जाणाऱ्या तंत्रिकांचे असते, श्वासनलिकांकडे जाणाऱ्यांचे नव्हे. सीओपीडीच्या रुग्णांत हे चढउतार घटलेले आढळतात, म्हणजे हृदयावरील व्हेगसचा प्रभाव क्षीण दिसतो. उलट श्वासनलिकांवरील तिचाच प्रभाव औषधाने रोखावा लागतो. ‘असमतोल’ या एकाच शब्दात ही विसंगती झाकली जाते. शिवाय मानवी श्वासनलिकांच्या स्नायूंना अनुकंपी तंत्रिकांचा थेट पुरवठा अत्यल्प असल्याने तराजूच्या दोन पारड्यांची उपमाही येथे लागू पडत नाही.

दुसरे असे की, श्वासाचा वेग व खोली बदलताच हे चढउतार बदलतात. धाप लागलेल्या रुग्णात मापनच रोगाने प्रभावित झालेले असते. वय, धूम्रपान, हृदयविकार, श्वासनलिका रुंदावणारी काही औषधे व पाळ्यांमुळे बिघडलेली झोप यांचाही त्यावर परिणाम होतो. सूक्ष्म धूलिकण हृदयगतीतील चढउतार घटवितात आणि फुप्फुसांनाही इजा करतात. त्यामुळे दोन्ही परिणामांचे कारण एकच असण्याची शक्यता दुर्लक्षिता येत नाही.

सामाजिक अन्वयार्थ :
२०१८ मध्ये ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतातील सीओपीडीचे रुग्ण १९९० मधील २.८१ कोटींवरून २०१६ मध्ये ५.५३ कोटींवर गेले. या रोगभारापैकी ५३.७ टक्के भाग वायुप्रदूषणाशी, २५.४ टक्के तंबाखूशी, तर १६.५ टक्के व्यावसायिक धोक्यांशी निगडित होता. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिसचा समावेश होता, सीओपीडीचा नव्हता. अशा स्थितीत ‘कामगाराचे तंत्रिका तंत्रच दुर्बळ’ हे स्पष्टीकरण सोयीचे ठरते. धूळशोषक यंत्रणेची जबाबदारी मालकाकडून सरकून प्राणायामाच्या सल्ल्याच्या रूपाने कामगाराच्या अंगावर पडते. प्राणायामाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याने हवेतील सिलिका कमी होत नाही, हेही तितकेच खरे.

समारोप :
कारण व परिणाम यांचा क्रम एकवेळच्या पाहणीतून ठरत नाही. त्यासाठी कामावर रुजू होतानाच स्पायरोमेट्री, हृदयगतीची नोंद व धुळीचे मोजमाप करून पुढे वर्षानुवर्षे तेच कामगार तपासावे लागतील. पुणे जिल्ह्यातच केईएम रुग्णालय संशोधन केंद्राने वढू परिसरातील २२ गावांत २००२ पासून लोकसंख्येची दीर्घकालीन नोंद ठेवण्याचा पाया घातला. त्या धर्तीवर औद्योगिक पट्ट्यात, विशेषतः वारंवार कारखाने बदलणाऱ्या कंत्राटी कामगारांचा मागोवा घेणारा अभ्यास झाल्याशिवाय स्वायत्त असमतोलास धोक्याचे कारण म्हणणे घाईचे ठरेल. तोपर्यंत तो धोक्याची संभाव्य खूण मानावा आणि प्रतिबंधाचा पहिला प्रयत्न धुळीच्या उगमापाशीच व्हावा, हेच तर्कसंगत होय.