झिजलेल्या शिवराईची प्रतवारी

दुधनी (ता. अक्कलकोट, जि. सोलापूर) येथील एका स्नेह्यांनीं आपल्या देव्हाऱ्यांतील तांब्याची शिवराई आमचेकडे आणून, ती व्यावसायिक परीक्षकांकडे पाठवून तिची प्रतवारी करून घ्यावी कीं काय, असा प्रश्न केला. पेटीबंद नाण्यास अधिक किंमत येईल, असें एका व्यापाऱ्यानें त्यांस सांगितलें होतें. तीन पिढ्या चिंच लावून घासल्यामुळें नाण्यावर एका अंगास 'राजा' व दुसऱ्या अंगास 'पति' एवढींच अक्षरें स्पष्ट राहिलीं आहेत. हा प्रश्न अनेक संग्राहकांस पडत असल्यानें त्याचा येथें विचार करूं.

आज रूढ असलेली एक ते सत्तर गुणांची मोजपट्टी मूळची डॉ. विल्यम शेल्डन यांची. त्यांनीं ती १९४९ सालीं अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांकरितां मांडली. सत्तर गुणांचें नाणें एका गुणाच्या नाण्याच्या सत्तर पट किमतीचें, असा तींत बाजारी हिशेब होता. पुढें १९८६ व १९८७ सालीं तेथें निघालेल्या दोन परीक्षक मंडळ्यांनीं नाण्यावर अंक देऊन तें पारदर्शक पेटींत बंद करण्याची पद्धति जगभर पसरविली.

यंत्रावर पाडलेलीं नाणीं टांकसाळींतून बहुतेक सारखीं निघतात. म्हणून त्यांची झीज मोजणें सोपें. शिवराई हातोड्याच्या घावानें पाडलेली. तिचा ठसा पुष्कळदां चकतीहून मोठा असे. त्यामुळें कित्येक शिवरायांवर 'श्री राजा शिव' हा पूर्ण लेख पहिल्या दिवशींही नव्हता. पोथी तपासतांना लेखकूनें गाळलेलें अक्षर आणि वाळवीनें खाल्लेलें अक्षर यांत आपण भेद करतों. तोच भेद येथें करावा लागतो. प्रस्तुत नाण्यावर 'श्री' कांठाशीं एकदम तुटलेली आहे, म्हणजे ती चकतीवर उमटलीच नाहीं. 'शिव' ची पुसट छाया तिरप्या उजेडांत दिसते, म्हणजे तें झिजलें आहे. कुशल परीक्षक हें ओळखील. पण एका अंकांत हा भेद मावत नाहीं. शिवाय घासलेल्या नाण्यास पुष्कळदां अंक न मिळतां तसा शेराच मिळतो. ज्या पूजेनें नाणें जपलें, ती पूजाच तेथें दोष ठरते!

प्रतवारी सर्वथा निरर्थक आहे, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. बनावट नाण्यांचा सुळसुळाट झाला असतां तटस्थ परीक्षेस मोल आहेच. सोन्याचा शिवकालीन होन कोणापाशीं निघाला, तर त्याची परीक्षा अवश्य व्हावी. परंतु शिवराई महाराजांच्या मागेंही दीर्घकाळ पाडली जात होती व ती विपुल मिळते. झिजलेल्या सामान्य शिवराईच्या किमतीहून परीक्षेचा खर्चच अधिक होण्याचा संभव आहे.

कायद्याची बाजूही विसरून चालणार नाहीं. १९७२ च्या पुराणवस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनें नाणें पुराणवस्तूंत मोडतें, व तें देशाबाहेर पाठविण्याची खासगी व्यक्तीस मोकळीक नाहीं. सबब व्यापारी 'परदेशीं पाठवूं' म्हणेल, तर त्यास स्पष्ट नकार द्यावा.

मग करावें काय? प्रथम चिंच व राख बंद करावी; प्रत्येक घासणीबरोबर थोडें तांबें व थोडा लेख जातो. सोनाराच्या कांट्यावर वजन घ्यावें, व्यास मोजावा, तिरप्या उजेडांत दोन्ही अंगांचीं छायाचित्रें घ्यावीं. 'शिव', 'शीव', 'सिव' यांपैकीं कोणतें रूप आहे, बिंदु व रेघा कोठें आहेत, हें जसें दिसेल तसेंच टिपावें. जें दिसत नाहीं तें तर्कानें भरूं नये. आणि नाणें कोणत्या गांवीं, कोणत्या घरीं, कोणाकडून आलें, हें वडील माणसें हयात आहेत तोंच लिहून ठेवावें. अंक पुनः केव्हांही मिळेल; ही हकीकत एकदां गेली कीं गेली.

आमच्या स्नेह्यांच्या मातोश्रींनीं सांगितलेली हकीकत आम्हीं त्याच दिवशीं एका कागदावर उतरून घेतली. तो कागद व ती शिवराई आतां दुधनीस एकाच डबींत आहेत. विक्रीचा विचार त्यांनीं तूर्त सोडला आहे. आमच्या मतें या नाण्याची खरी प्रतवारी तेवढ्यानें झाली.