स्टिक सोडून गेलेला चेंडू

पिंपरीच्या नेहरूनगरात मेजर ध्यानचंदांच्या नावाचं हॉकीचं मैदान आहे. संध्याकाळचा सराव आटोपला की मुलं बाहेर रेंगाळतात. एका कानात इअरफोन असतो, दुसरा कान गप्पांसाठी मोकळा. पॉडकास्टवर कुणी मोठा खेळाडू पाहुणा आलेला असतो आणि त्याच्या तासाभराच्या बोलण्यातून मुलं नेमकं स्टिकबद्दलचं वेचून घेतात. कार्बन किती टक्के, बो लो की मिड, वजन किती, ग्रिप कधी बदलतो. हे कुतूहल मला फार लोभस वाटतं, आणि ते अस्थानीही नाही. लो बोच्या स्टिकचा बाक खालच्या अंगाला असतो, त्यामुळे ड्रॅग फ्लिक मारताना चेंडू त्या बाकात धरून ओढता येतो. नियम तो बाक २५ मिलिमीटरपर्यंतच चालवून घेतो, आणि तेवढ्या मिलिमीटरांवर पेनल्टी कॉर्नरचं सगळं शास्त्र उभं आहे.

ध्यानचंदांच्या स्टिकबद्दलचं कुतूहलही असंच जुनं. तिच्यात लोहचुंबक आहे की काय म्हणून हॉलंडमध्ये ती तोडून पाहिली, ही आख्यायिका मी शाळेत ऐकली होती. त्यांचं ‘गोल’ हे इंग्रजी आत्मकथन मी पहिल्यांदा उघडलं ते त्या स्टिकच्या शोधात. मद्रासच्या ‘स्पोर्ट अँड पास्टाइम’ने १९५२ साली ते प्रसिद्ध केलं. स्टिकचं गुपित काही माझ्या हाती लागलं नाही. जे लागलं त्यासाठी मी हे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे.

सुरुवातीलाच ते सांगून टाकतात की आपण एक साधा माणूस आहोत, आणि शिपाई आहोत. प्रसिद्धीपासून दूर राहण्याची शिकवण अंगात मुरलेली आहे. असली वाक्यं आत्मचरित्रांत पुष्कळदा शिष्टाचार म्हणून येतात. इथे मात्र ते वाक्य पुढच्या सगळ्या पानांना वळण लावतं. १९२२ साली साधा शिपाई म्हणून पलटणीत दाखल झालेला, सुभेदार-मेजर बाले तिवारींकडून हॉकीचे धडे घेतलेला हा मुलगा, लिहितानाही पहाऱ्यावरच्या माणसासारखाच लिहितो. दिसलं ते सांगायचं, न दिसलेलं जोडायचं नाही.

मुंबईचा प्रसंग पाहा. १९२८च्या मार्चमध्ये संघ ॲमस्टरडॅम ऑलिंपिकसाठी बोटीने निघाला. निघण्याआधी मुंबईच्या संघाने या ऑलिंपिक संघाला ३-२ असं हरवलं होतं. धक्क्यावर निरोपाला तीन माणसं : हॉकी महासंघाचे अध्यक्ष बर्न-मर्डोक, उपाध्यक्ष न्यूहॅम आणि भट्टाचार्जी नावाचे पत्रकार. पाच सामने, २९ गोल आणि आपल्यावर एकही नाही, असं सुवर्णपदक घेऊन संघ परतला तेव्हा त्याच बंदरावर माणसं मावत नव्हती. एवढ्या विरोधाभासावरून दुसऱ्या कुणी मुंबईवर चांगलेच आसूड ओढले असते. ध्यानचंद फक्त हिशेब नोंदवतात. जाताना तीन, येताना गर्दी. मला त्या तिघांची नावं महत्त्वाची वाटतात. जल्लोष करणाऱ्या गर्दीतल्या कुणाचं नाव लक्षात राहावं अशी अपेक्षाच नसते. कुणी नसताना जे आले, ते या माणसाने २४ वर्षांनी नावानिशी कागदावर आणले.

बर्लिन ऑलिंपिकचा भाग पुस्तकात सर्वांत जास्त वाचला जात असणार. जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यातलं ८-१ सगळ्यांना ठाऊक असतं. मी थांबतो ते त्याआधीच्या, १७ जुलै १९३६च्या सराव सामन्यापाशी. जर्मनीने भारताला ४-१ हरवलं. त्या रात्री कुणाला झोप लागली नाही, काहींच्या घशाखाली घास उतरला नाही, असं कर्णधार ध्यानचंद लिहितात आणि जिवंत असेपर्यंत तो सामना विसरणार नाही असंही म्हणतात. जिंकलेल्या सामन्यांबद्दल इतका कढ त्यांच्या गद्यात क्वचितच दिसतो. मग भारतात निरोप गेला, दारा या खेळाडूला बोलावून घेतलं गेलं, ते उपांत्य सामन्यापर्यंत पोहोचले आणि फ्रान्सवर १० गोल झाले. अंतिम सामना पावसामुळे एक दिवस पुढे गेला. कपडे बदलायच्या खोलीत संघाच्या व्यवस्थापनातल्या पंकज गुप्तांनी काँग्रेसचा तिरंगा काढला, खेळाडूंनी त्याला वंदन केलं आणि मग ते मैदानात उतरले. ब्रिटिशांच्या फौजेतला एक नोकर त्या तिरंग्यासमोर उभा होता, आणि तारीख होती १५ ऑगस्ट.

हेच दारा १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानचे कर्णधार होते. पुस्तक आलं तेव्हा फाळणीला पाचच वर्षं झाली होती. उत्तम स्टिक जिथे घडायच्या ते सियालकोट पलीकडे गेलं होतं, तुतीचं लाकूड वाकवणारे कितीतरी हात जालंधरला येऊन नव्याने मांडामांड करत होते. पुस्तकात मात्र जुने सोबती सोबतीच राहतात. कोण कुणीकडे गेला यावरून कुणाचा पास कमी सुंदर होत नाही.

आणि आता ज्या पानांसाठी हे सगळं लिहायला घेतलं त्यांच्याकडे येतो. तुमचा सर्वोत्तम सामना कोणता, हा प्रश्न आजही प्रत्येक पाहुण्या खेळाडूला विचारतात. ध्यानचंदांपुढे उत्तरांचा ढीग होता. तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं. १९३२ साली लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेवर २४-१, ज्यात धाकट्या भावाचे, रूपसिंगांचे, १० गोल. ते सगळं बाजूला ठेवून, जराही न अडखळता, ते १९३३ची बायटन चषकाची अंतिम लढत निवडतात. कलकत्ता कस्टम्स विरुद्ध झाशी हीरोज. आंतरराष्ट्रीय नाही, साध्या क्लबांचा सामना, आणि आपला संघ आपल्या गावाचा.

कस्टम्सचं वर्णन करताना त्यांची लेखणी सैल सुटते. शौकत अली, असद अली, डीफोल्ट्स, सीमन, मोहसिन. प्रतिस्पर्ध्यांची नावं ते प्रेमाने लावतात. कस्टम्सचं आक्रमण सतत चालू आहे, झाशीवर कोणत्याही क्षणी गोल होईल अशी अवस्था आहे, हे ते लपवत नाहीत. उलट समोरचा संघ जितका मोठा दिसेल तितका दिसू देतात. मग मैदानाच्या मध्यातून ध्यानचंद एक लांब पास देतात, इस्माईलकडे. इस्माईल धावतो, आणि त्याचा वेग सांगायला त्यांना जेसी ओवेन्स आठवतो. कस्टम्सचा लेफ्ट हाफ आणि गोलरक्षक यांच्यात क्षणभर घोटाळा होतो, चेंडू कुणाचा हे ठरेपर्यंत इस्माईल पोहोचलेला असतो. सामन्यातला एकुलता एक गोल.

या वर्णनात ध्यानचंद स्वतः किती वेळ आहेत ते मोजून पाहावं. एक पास. त्यानंतर सगळं दृश्य इस्माईलच्या पायांना आणि समोरच्यांच्या चुकीला देऊन टाकलेलं. ज्या स्टिकला चेंडू चिकटतो म्हणून जग वेडं झालं, तिच्या धन्याला आयुष्यातला सर्वांत चांगला सामना आठवतो तो चेंडू स्टिक सोडून गेला त्या क्षणासाठी. ही केवळ नम्रता आहे असं मला वाटत नाही. हे खेळाचं ज्ञान आहे. स्टिक आणि चेंडू यांचं नातं ते आपल्याहून फार खोलवर जाणत होते, आणि चेंडू कधी सोडायचा हे त्या नात्याचं सर्वांत अवघड अंग होतं.

परवा नेहरूनगरला एका मुलाला मी ही पानं वाचून दाखवली, मराठीत सांगत सांगत. त्याने इअरफोन काढून ठेवला होता. शेवटी त्याने विचारलं, “काका, इस्माईल कुठल्या बाजूनं पळाला?”