वराहशावकांचा आहार आणि द्विदल धान्ये : वाढीच्या मापाविषयी काही आक्षेप

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, खासबाग मैदानाच्या परिसरात, भिजविलेल्या हरभऱ्याची महती निराळी सांगावी लागत नाही. मल्लाच्या खुराकात दूध-बदामांच्या जोडीला त्याचे स्थान आहे. हुलगे मात्र जनावरापुढे ठेवावयाचे ते शिजवून, अशी शेतकऱ्याची जुनी रीत. एकाच वर्गातील दोन धान्यांत व्यवहाराने केलेला हा भेद वराहशावकांच्या आहारावरील पुष्कळशा लेखनात आढळत नाही. तेथे ‘द्विदल धान्य’ ही एकच संज्ञा व तिच्यापुढे प्रथिनांचा टक्का, एवढ्यावर काम भागविले जाते.

या टक्क्याने फारसे काही सिद्ध होत नाही. सोयाबीनमध्ये प्रथिने सुमारे 40 टक्के, हरभऱ्यात सुमारे 20. परंतु कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत, शिजविलेल्यावर वाढतात, हे ऑस्बॉर्न व मेंडेल यांनी 1917 सालीच दाखविले होते. प्रथिने दोन्ही वेळी तीच होती. ट्रिप्सिन या पाचकरसाला अटकाव करणारा सोयाबीनमधील पदार्थ कुनिट्झ यांनी 1945 साली स्फटिकरूपात वेगळा केला. उष्णतेने तो बव्हंशी निष्प्रभ होतो. शिवाय सोयाबीनच्या प्रथिनांत मेथिओनिन उणे असते. ती उणीव शिजविल्याने भरून येत नाही.

येथवर वाद नाही. खटकते ते उंदरावरून थेट डुकरावर येणे. कच्च्या सोयाबीनने उंदराचे व कोंबडीच्या पिलाचे स्वादुपिंड वाढते. डुकरात तशी वाढ दिसत नाही, तरी त्याच्या पिलाची अंगवाढ खुंटते. म्हणजे परिणाम सारखा दिसला, तरी कारणाची साखळी तीच असेल असे गृहीत धरता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक साधा, आणि म्हणूनच अधिक गंभीर आहे. वजन किती वाढले हे तक्त्यात असते. पिलाने खाल्ले किती, हे पुष्कळदा नसते. कच्चे धान्य पिले कमीच खातात. मग वाढ अपचनाने खुंटली की उपासाने, हे कसे ठरवावे? दोन्ही गटांना समप्रमाणात चारा घातल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही. ‘शिजविलेले’ हा शब्दही अपुराच आहे. अति उष्णतेने लायसिनची हानी होते. तापमान, वेळ आणि युरिएजची चाचणी यांवाचून तो शब्द वापरणे म्हणजे औषधाची मात्रा न सांगता गुण सांगणे होय.

कोल्हापूर जिल्ह्यात आज सोयाबीन मुबलक पिकते. ‘पौष्टिक’ म्हणून ते कच्चेच पिलांपुढे टाकणाऱ्या गरीब वराहपालकाचे नुकसान अशा मोघम तक्त्यांतून होते. गाभण डुकरीण कच्चे सोयाबीन बरेचसे सोसते. पण नुकतेच आईचे दूध तुटलेल्या पिलाचा निर्णय तिच्यावरून करता येणार नाही.