यंत्रलिखित महाकाल

श्रावणातल्या सोमवारी उज्जयिनीस श्रीमहाकालेश्वराची सवारी निघते. पालखीत चंद्रमौलेश्वर, हत्तीवर मनमहेश, गरुडरथावर शिवतांडव, नंदीरथावर उमामहेश, आणि पुढल्या सवाऱ्यांत होळकर संस्थानाचा व सप्तधानाचा मुखवटा. अशी एकेका रूपाची भर पडत पडत हा सोहळा उत्तरेकडील पंचांगाच्या भाद्रपदात, म्हणजे आपल्या श्रावण वद्यात, संपतो. प्रत्येक रूपाची ठेवण वेगळी, वाहन वेगळे, मुद्राही वेगळी. असे असता गेल्या दोन-तीन वर्षांत या सवारीच्या निमित्ताने जी भित्तिपत्रके व शुभेच्छाचित्रे आमच्या पाहण्यात आली, त्यांत बहुतेक ठिकाणी एकच पुरुष उभा आहे. निळसर कांती, तालमीत कमावलेले दंड, वाऱ्यावर उडणाऱ्या जटा, पाठीमागे हिमाच्छादित शिखरे आणि सर्वांगावर चित्रपटातल्यासारखा सोनेरी झोत. खाली अक्षरे 'जय श्री महाकाल'. शिखरे कैलासाची असतील. परंतु माळव्याच्या पठारावर, क्षिप्रेच्या काठी ती कोठून आली, असे चित्रकारास विचारण्याची सोय नाही. चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने काढलेले आहे.

उज्जयिनीतल्या भित्तिपत्रकांची चिंता आपण कोकणपट्टीतल्या व गोमंतकातल्या मंडळींनी का वाहावी, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर असे, की अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण या नात्याने ज्या रामचंद्र मल्हार सुखठणकर यांनी महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले, त्यांच्याच शब्दावरून पेशव्यांनी १७३९ मध्ये मंगेशी गाव श्रीमंगेशाकडे लावून दिला. त्या देवळाशी आपले नाते ऐकीव नव्हे. शिवाय उज्जयिनीत जे आज दिसते ते उद्या आपल्या जत्रेच्या पत्रिकेवर दिसणार. किंबहुना काही ठिकाणी ते दिसू लागलेही आहे. आणि २०२८ साली उज्जयिनीस सिंहस्थ भरावयाचा आहे. त्या वेळी मंडपामंडपांतून, घाटाघाटांवरून जी चित्रे लागतील ती कोणाच्या हातची असावीत, याचा विचार आताच झालेला बरा.

हे यंत्र काय करते, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. महाजालावरून गोळा केलेली असंख्य चित्रे व त्यांखालील शब्द यांच्या जोड्या त्यास दाखवितात. लायन-५बी या नावाच्या एका संचात अशा सुमारे ५८५ कोटी जोड्या आहेत. चित्रावर हळूहळू धूळ उधळीत जावे आणि ती पुन्हा कशी झटकावी हे यंत्राने शिकावे, असा तो अभ्यास असतो. तो पुरा झाला म्हणजे निव्वळ धुळीपासून आरंभ करून, आपण दिलेल्या शब्दांस अनुरूप असे चित्र ते काढून देते. २०२१ च्या आरंभी डॅल-ई, २०२२ मध्ये मिडजर्नी व स्टेबल डिफ्यूजन अशी ही यंत्रे लोकांपुढे आली, आणि जे काम करावयास जाहिरातचित्रकारास दोन दिवस लागत ते अर्ध्या मिनिटात होऊ लागले. ज्यांची चित्रे न विचारता अशा संचांत घेतली गेली त्यांपैकी तिघा चित्रकारांनी जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत दावा लावला. तो प्रश्न न्यायाचा आहे व महत्त्वाचा आहे. पण आम्हांस येथे बोलावयाचे आहे ते चित्राविषयी.

आरंभीच्या काळात टीकाकारांस मोठी सोय होती. यंत्राने काढलेल्या हातास सहा बोटे असत, त्रिशूळास चार टोके फुटत, नाग शंकराच्या गळ्यातून निघून खांद्यातच विरून जाई. देवनागरीची तर दैना होती: 'उज्जयिनी'तील जोडाक्षराचे काय करावे हे न कळून यंत्र मात्रा-वेलांट्यांचा एक गुंताडा काढून देई, कारण त्याच्या दृष्टीने अक्षर हाही एक आकारच. ल. श्री. वाकणकर किंवा र. कृ. जोशी यांच्यासारख्यांनी ज्या लिपीच्या वळणांवर आयुष्ये वेचली तिची ही विटंबना पाहून हसावे की रडावे ते कळत नसे. तथापि हे दोष झपाट्याने नाहीसे होत आहेत. बोटे आता पाचच येतात, अक्षरेही पुष्कळदा शुद्ध उमटतात. तेव्हा ज्यांचा सारा आक्षेप बोटे मोजण्यावर उभा होता त्यांच्या पायाखालची वाळू सरकली आहे. आमचा आक्षेप निर्दोष चित्रावर आहे.

शब्दांवरून चित्र काढणे यात नवे काहीच नाही. आपल्याकडे देवतेचे ध्यान श्लोकात सांगितलेले असते. वर्ण, आयुधे, आसन, मुद्रा सारे त्यात येते, आणि मूर्तिकार त्यावरूनच मूर्ती घडवितो. मग यंत्रास सांगितलेली चार वाक्ये आणि ध्यानश्लोक यांत अंतर कोणते? ते अंतर उज्जयिनीच्याच महाकवीने एका शब्दात सांगून ठेविले आहे. 'मालविकाग्निमित्रा'च्या दुसऱ्या अंकात राजा मालविकेस प्रथमच प्रत्यक्ष पाहतो, तेव्हा त्यास आधी पाहिलेले तिचे चित्र उणे वाटू लागते. तो रंगांस दोष देत नाही, रेषेसही देत नाही. चित्रकाराची समाधी शिथिल होती, असे तो म्हणतो. 'शिथिलसमाधी' हा शब्द आनंद कुमारस्वामींनी १९३४ मधील आपल्या ग्रंथात भारतीय कलादृष्टीची किल्ली म्हणून उचलून धरला, तो उगीच नव्हे. चित्राचे उणेपण चित्रकाराच्या चित्तात शोधावयाचे, असा त्याचा अर्थ. यंत्रास चित्तच नाही. त्याची समाधी शिथिलही होत नाही आणि दृढही होत नाही. महाकाल म्हटल्यावर कोट्यवधी चित्रांतून ज्याची सरासरी सर्वांत दाट निघते ते त्याने पुढे ठेविले. या महाकालास दक्षिणमुखी म्हणतात आणि तेच त्याचे वैशिष्ट्य मानतात, ही गोष्ट त्या सरासरीत बुडून गेली. सरासरीस क्षेत्र नसते, आणि आपला देव तर क्षेत्राचा आहे. मंगेशीचा मंगेश आणि उज्जयिनीचा महाकाल हे तत्त्वतः एकच, हे कोणता भाविक नाकारील? पण म्हणून दोघांस एकच चेहरा चिकटविलेला त्यास चालेल काय?

अयोध्येत २२ जानेवारी २०२४ रोजी अरुण योगिराज यांनी घडविलेल्या रामललाच्या मूर्तीची प्रतिष्ठा झाली. लगोलग ती मूर्ती पापण्या मिटते, उघडते व हसते अशी यंत्राने केलेली एक चलच्चित्रफीत घरोघर पाहिली गेली. पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी आले, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या परंपरेत मूर्तीचे नेत्रोन्मीलन हा स्वतंत्र विधी आहे, तेथे हे उघडणे-मिटणे आपण किती सहज खपवून घेतले, याचे आश्चर्य वाटते.

येथे एक प्रतिपक्ष उभा राहतो व तो दुबळा नाही. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईस शिळाप्रेस घातला, तेव्हा देव छापखान्यातून निघू लागले. त्यालाही कलावंतांनी नाके मुरडलीच होती. आज त्याच छापील लक्ष्मी-सरस्वती आपल्या देवघरांत जुन्या झाल्या आहेत. मग या नव्या यंत्रावरच राग का? आम्हांस वाटते की येथे दोन गोष्टींची गल्लत होते. छापखान्याने चित्राच्या प्रती वाढविल्या; चित्र काढणारा त्याने हटविला नाही. आपल्या गोमंतकाचेच दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगांवकर (१९१८–१९७६) घ्या. त्यांची मुखपृष्ठे व दिनदर्शिका लाखो घरांत गेल्या, पण कोपऱ्यातली सही झाकली तरी हा दलाल, हा मुळगांवकर, असे शेंबडे पोरही सांगे. मुळगांवकरांच्या देवता फार गोंडस आहेत, ही तक्रार आम्हीही करू. तक्रार करावयास समोर माणूस तरी आहे. यंत्राच्या चित्राविषयी तक्रार कोणाकडे न्यावी? ज्याने शब्द दिले तो म्हणतो, मी काढले नाही.

उज्जयिनीस जाऊन भस्म-आरतीनंतरचे महाकालाचे शृंगार पाहणारास हा भेद अधिक सांगावा लागत नाही. भांग, चंदन, सुका मेवा, फुले यांनी पुजारी त्या पिंडीवर मुख उभे करतो. ते मुख रोज नवे. कालच्यासारखे ते असत नाही आणि उद्या ते राहणार नाही. आपल्याकडे नवरात्रात मंगेशीचे मखर पाहिलेल्यांस, किंवा जुन्या देवळांच्या ओल्या चुन्यावर तांबड्या मातीच्या थरातून कोरून काढलेली कावी पाहिलेल्यांस, ही जात ओळखीची वाटेल. चुना वाळण्यापूर्वी रेघ ओढून झाली पाहिजे. चुकली तर चुकली. त्या धास्तीतूनच ती रेघ जिवंत होते.

उज्जयिनीतच राहून विष्णु श्रीधर वाकणकर (१९१९–१९८८) यांनी काय केले, तेही आठवावे. १९५७ मध्ये भीमबेटकाची शैलचित्रे त्यांनी प्रकाशात आणली, आणि रानोमाळ हिंडून गुहागुहांतील चित्रांच्या नकला हातांनी उतरविल्या. नकल करणे हेच त्यांचे पाहणे होते. शहराबाहेर भैरवगढास छिपा कारागीर मेणाने कापड राखून बाटिक रंगवितात. २०२३ मध्ये त्या कामास भौगोलिक निर्देशांकही लाभला. त्या कापडावर मेण तडकल्याच्या ज्या बारीक शिरा उमटतात त्या दोन थानांवर सारख्या येत नाहीत. संगणकावर त्या शिरांची हुबेहूब नकल होते व मीटरामागून मीटर एकसारखी छापली जाते. स्वस्त पडते, हे खरे. ती घेणाऱ्या गरीब बाईस आम्ही बोल लावणार नाही. भैरवगढचे नाव लावून ती विकणाऱ्यास मात्र अवश्य लावू.

यंत्र हद्दपार करा, असे आमचे म्हणणे नाही. फाटलेल्या जुन्या चित्राची प्रत स्वच्छ करणे, एकच मजकूर पाच आकारांत मांडणे, मराठी पत्रिकेची कोंकणी व हिंदी आवृत्ती त्याच चौकटीत बसविणे, ही रात्र जागविणारी हमाली त्याने खुशाल करावी. परगावच्या एखाद्या लहानशा उत्सव समितीस चित्रकार परवडत नाही, तिने यंत्राकडून वेलबुट्टी काढून घेतली म्हणून आकाश कोसळत नाही. देवतेचे मुख मात्र यंत्राकडे सोपवू नये. आणि जेथे सोपविले असेल तेथे तसे छापावे. जेथे माणसाने काढले असेल तेथे त्याचे नाव, लहान टायपात का होईना, असावे. महाकाल लोकातील सप्तर्षींच्या सातांपैकी सहा मूर्ती २८ मे २०२३ च्या वावटळीत कोसळल्या, तेव्हा त्या कशाच्या होत्या, कोणी केल्या, याची चौकशी सर्व देशाने केली. कागदावरच्या मूर्तीविषयी इतकी चौकशी आधीच का करू नये?

कालिदास समारोह उज्जयिनीस १९५८ पासून भरतो, आणि कवीच्या कृतींवरील चित्रांचे व शिल्पांचे प्रदर्शन त्याच्या जोडीने होते. यंत्रलिखित चित्रे तेथे आज ना उद्या दाराशी येतीलच. संयोजकांनी ती परत पाठवू नयेत. वेगळ्या दालनात लावावीत, आणि प्रत्येकीखाली यंत्रास दिलेले शब्द अक्षरशः लिहावेत. शेजारच्या दालनात त्याच प्रसंगावर एखाद्या विद्यार्थ्याने हाताने काढलेले, कदाचित कच्चेही, चित्र असेल. प्रेक्षक दोन्हींपुढे किती वेळ उभे राहतात, ते आम्ही पाहू.