बाकी आणि तिचा अर्थ

मराठी पंचांगांत पावसाच्या प्रत्येक नक्षत्रास एक वाहन दिलेले असते. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजावयाचे, आलेल्या संख्येस 9 ने भागावयाचे आणि बाकी पाहावयाची. बाकी 3 उरली तर बेडूक, 5 उरली तर मोर, काहीच उरले नाही तर हत्ती. बेडूक आणि हत्ती म्हणजे भरपूर पाऊस, कोल्हा म्हणजे ओढ. मुदखेडकडील शेतकरीही मृगाच्या तोंडावर वाहन विचारतो. त्यावर विसंबून पेरले आणि पाऊस फिरकला नाही, तर दुबार पेरणीचे बियाणे पंचांगकर्ता देत नाही.

बाकीवरून भविष्य काढण्याची ही रीत केवळ आपली नव्हे. चीनमधील ‘यी चिंग’ या प्राचीन ग्रंथाची चिन्हे अशाच मोजणीतून निघतात. 50 काड्यांपैकी एक बाजूस ठेवून उरलेल्या 49 चे दोन भाग करतात, चार-चारने मोजतात, बाकी वेगळी काढतात. तीन फेऱ्यांनंतर 6, 7, 8 किंवा 9 हा अंक मिळतो. विषम अंकास अखंड रेघ, सम अंकास तुटक. अशा सहा रेघांची एक आकृती. एकूण आकृती 64.

फू-शी या आदिपुरुषाने आकाश व पृथ्वी न्याहाळून मूळच्या आठ आकृत्या रचिल्या, ही परंपरेची श्रद्धा होय. पुरावा निराळे सांगतो. प्राचीन अस्थी व कांस्यपात्रांवर रेघांऐवजी सहा-सहा अंकांच्या ओळी आढळतात. त्या याच आकृत्या होत, हे चांग चंग-लांग यांनी 1978 साली दाखविले. म्हणजे आधी मोजणीची नोंद, मग रेघ. यिन-यांगचे तत्त्वज्ञान तर मूळ संहितेत नाहीच. ते नंतरच्या परिशिष्टांनी तीवर चढविले. तेव्हा या चिन्हांत आद्य विज्ञान दडले आहे, असे उत्साहाने लिहिणाऱ्यांनी कालक्रमच उलटा केला आहे. लाइब्निझने 1703 मध्ये त्यांत आपली द्विमान गणना पाहिली खरी. पण त्याच्यापुढील मांडणी 11व्या शतकातील शाओ युंगची होती!

तथापि परिशिष्टांचे श्रेय नाकारता येत नाही. मावांगत्वी येथे 1973 साली सापडलेल्या रेशमी पोथीत कन्फ्यूशिअसच्या तोंडी असा आशय आहे की, ज्योतिष्यांच्या वाटेने जाऊनही आपण शोधतो ते शील.

पाली साहित्यातील ‘निमित्त’ या शब्दाचा प्रवास याहून मूलगामी आहे. ब्रह्मजालसुत्तात निमित्त, उप्पात, सुपिन, लक्खण, एवढेच नव्हे तर उंदराने कुरतडलेल्या वस्त्रावरून सांगितलेले भविष्यही तिरच्छानविज्जेत, म्हणजे मिथ्या उपजीविकेत गणले आहे. नक्खत्त जातकात (क्र. 49) आधी विचारले नाही म्हणून रुसलेला आजीवक दिवस अशुभ ठरवितो, वरपक्ष जात नाही आणि वधू दुसऱ्यास दिली जाते. तोच ‘निमित्त’ शब्द ध्यानमार्गात साधकाच्या चित्तात उमटणाऱ्या खुणेचा वाचक झाला. ती खूण उद्याविषयी काही बोलत नाही आणि पडताळणारा साधक स्वतःच असतो. तेथे जोश्याला जागा उरत नाही.

बौद्ध मात्र या मोहापासून सदैव अलिप्त राहिले, असे म्हणता येणार नाही. लाकडी चाके फेकून आपले कुशल-अकुशल कर्म ओळखण्याचा विधी सांगणारे एक सूत्र 6व्या शतकाच्या अखेरीस चीनमध्ये प्रचलित होते. तेथील बौद्ध सूचीकारांनी 594 मध्येच त्यास संशयास्पद ठरविले. तरीही 17व्या शतकात भिक्षू च-श्यू यांनी त्यावर भाष्य लिहिले आणि ‘यी चिंग’वरही.